बाद झालेली वजने

“ज्यात पासंग नाही असा काटा मी अजून पाहिलेला नाही, आणि माणूस तर नाहीच,” असे तो एकदा म्हणाला होता.

तेव्हा त्याच्या हातात एका दुकानातल्या तराजूची पितळी दांडी होती आणि समोर त्या दुकानाचा मालक उभा होता. त्यामुळे वाक्याचा दुसरा भाग कोणासाठी आहे, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. पुढे काही वर्षांनी तो या वाक्याचा पहिलाच भाग बोलू लागला. असे का, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

पासंग म्हणजे रिकाम्या काट्यातली खोट. दोन्ही पारड्यांत काही नसतानाही दांडी एका बाजूला किंचित झुकते, ती नजरेला कळत नाही. तो एका पारड्यात वजन ठेवायचा, दुसऱ्यात तेवढाच माल, आणि मग दोन्हींची अदलाबदल करायचा. खरा काटा अदलाबदलीनंतरही मध्यावर राहतो. खोटा तिथेच उघडा पडतो. एवढी साधी युक्ती, पण ती करताना समोरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होई, आणि तो काट्याआधी चेहरा पाही.

वजनकाटे दुरुस्त करणे आणि तपासणे हा त्याचा धंदा होता. बाजारात त्याला काटेवाला म्हणत, आणि पाठ वळली की संशयात्मा. एका इमारतीच्या जिन्याखाली त्याची खोली होती. वरून कोणी उतरले की कामाच्या टेबलावर धूळ पडे आणि तो हातातले काम कापडाने झाकून ठेवी. कोण उतरले, किती पायऱ्या उतरून थांबले आणि का थांबले, हे तो खाली मान घालून ऐकत असे. भिंतीवर दांड्या टांगलेल्या, खाली स्प्रिंगा, सुटी पारडी, रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेले स्क्रू. आणि कुलपाच्या कपाटात ती पेटी. आतून निळी मखमल लावलेली, प्रत्येक वजनाला त्याच्या मापाचा खळगा असलेली लाकडी पेटी. त्यातली वजने तो चिमट्याने उचलायचा, मोठी असली तर मऊ कातड्यात धरून. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलते, असे त्याचे म्हणणे. ती पेटी त्याने कधी कोणाच्या हातात दिली नाही. बायकोच्याही नाही.

बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिच्या बोलण्याला धार होती, आणि ती धार तिने नवऱ्यासाठीच राखून ठेवली असावी असे वाटे. “लग्नाआधी हे मला दोनदा भेटले,” ती शेजारणींना सांगायची. “पहिल्यांदा मी यांच्या डाव्या हाताला बसले होते. दुसऱ्या वेळी म्हणाले, आज उजव्या हाताला बस.” सगळ्या हसत. तो आत बसून ऐके आणि यातली कोणती शेजारीण जास्त हसली हे लक्षात ठेवी.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची. त्याने प्रसूतिगृहाचा काटाही तपासला होता. काटा जास्त दाखवत होता, म्हणजे पोर लिहिल्यापेक्षाही कमी होती. हे त्याने तिथल्या बाईंना सांगितले, बायकोला सांगितले, आणि बायको त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. मुलीचे घरातले नाव छटाक पडले ते तेव्हापासून. ती सात वर्षांची झाली तरी छटाकच.

तिच्या खेळण्यांत बाहुल्या कमी आणि वजने जास्त होती. दुकानांतली वजने वापरून झिजतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झिजली की त्यांच्यावर फुली ठोकतात आणि ती बाद होतात. अशी बाद झालेली अकरा वजने एका कापडी पिशवीत तिच्या मालकीची होती. संध्याकाळी बाप जिन्याखालून घरी आला की ती दुकान मांडायची. माल म्हणूनही वजनेच.

“काय पाहिजे?”

“पाव किलो साखर. आणि नीट मोज, मी काही कालचा नाही.”

ती मोजायची. तो डोळे बारीक करून बघायचा. “कमी भरतंय.”

ती आणखी एक वजन टाकायची.

“अजून कमी भरतंय, बाई. दुकान बंद करायचंय का?”

सगळी अकरा वजने पारड्यात पडेपर्यंत हे चाले. मग दोघे हसत. कमी भरणे ही जगातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे आणि त्यावर उपाय एकच, आणखी टाकणे, हे मुलगी कोणी न शिकवता शिकली.

दुखणे बुटांपासून सुरू झाले. नवे बूट आठ दिवसांत तिच्या पायांत जाईनात. तो ते घेऊन दुकानात गेला. लहान मापाच्या बुटांवर मोठ्या मापाचा आकडा छापून विकता, म्हणाला. दुकानदार चिडला, हा त्याहून चिडला, एक आठवडा हे चालले. त्या आठवड्यात मुलगी सकाळी उठे तेव्हा तिच्या डोळ्यांखाली फुगवटा दिसे. त्याला वाटले, उशी जुनी झाली. मग एके सकाळी बायकोने तिच्या पिंढरीवर बोट दाबले आणि खळगा तसाच राहिला. बूट आखडले नव्हते. पाय सुजले होते.

इस्पितळात मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. बारा खाटा, हिरव्या रंगाची अर्धी भिंत, वर पांढरा चुना. डॉक्टरबाई चष्मा कपाळावर चढवून बोलत.

“मूत्रपिंडं म्हणजे गाळणी समजा. तिची भोकं मोठी झालीत. रक्तात राहायला हवं ते लघवीवाटे जातंय, आणि पाणी अंगात साचतंय. औषध सुरू केलंय. चार आठवडे देऊ. लागू पडलं तर आधी पाणी उतरेल, म्हणजे वजन उतरेल. रोज सकाळी वजन. तेच आपल्याला बघायचंय.”

“आणि नाही उतरलं तर?”

“तर सुईने मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला लागेल. त्यापुढची औषधं जड असतात.”

“जड म्हणजे?”

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. “सगळ्या मुलांना सोसत नाहीत.”

मुलीचे सगळे भवितव्य एका काट्यावर येऊन ठेपले, आणि तो काटा त्याने तपासलेला नव्हता.

पहिल्याच सकाळी त्याने वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला विचारले, “हा कधी तपासलाय?”

“चालतो चांगला.”

“चालतो ते दिसतंय. खरं चालतो का?”

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन आला. सिस्टरने मखमल पाहिली. “अगं बाई, दागिने आणलेत वाटतं.” त्याने गुडघ्यांवर बसून वजने एकेक करून काट्यावर ठेवली, कोपऱ्यात ठेवली, मध्ये ठेवली. काट्याचा एक पाय फुटक्या फरशीवर होता. दीडशे ग्रॅम कमी दाखवत होता. त्याने काटा उचलून खिडकीखालच्या सपाट जागेवर नेला, पुन्हा तपासला आणि पायांभोवती खडूने खुणा केल्या. मग नियम घातले. रोज एकाच वेळी. दुधाच्या आधी. रोज तोच झगा, आणि सकाळी थंडी असते म्हणून वर मावशीने विणलेला तोच स्वेटर. कपडे बदलले की आकडा खोटा. सिस्टरने हे सगळे एका कागदावर लिहून काट्याच्या वर चिकटवले आणि त्या दिवसापासून त्याचे नाव निरीक्षक ठेवले. “चला, निरीक्षक आले. छटाकबाई, उठा.”

मुलीला खाटेवर करमेना, म्हणून आईने घरून तिची कापडी पिशवी आणली. ती खाटेच्या दांडीला लटकत असे.

दोन आठवडे आकडा जागचा हलला नाही. आई रात्री वॉर्डात राही. तिने कारखान्यातून रजा घेतली होती. तो सकाळी सहाला येई, आकडा आपल्या वहीत उतरवी, धंद्यावर जाई आणि दुपारी परत येई. दुपारी आई खाली जाई. तळमजल्यावर पूर्वी चादरी ठेवत त्या खोलीत सहा बाके मांडली होती. भिंतीवर काही नाही, एक खिडकी. ज्याला जे म्हणायचे असेल ते त्याने तिथे बसून म्हणावे, एवढ्यासाठी ती खोली. एकदा तो तिच्या मागोमाग गेला आणि दाराआड उभा राहिला. ती डोळे उघडे ठेवून बसली होती. ओठ हलत नव्हते. पाच-दहा मिनिटांनी उठली आणि त्याच्याच अंगावर आली.

“पाळत ठेवताय?”

“काय मागतेस तिथे?”

“मागत नाही काही.”

“मग?”

“ठेवते.”

“काय ठेवतेस?”

“जे घेऊन दोन जिने चढता येत नाहीत, ते.”

हे उत्तर त्याला निसरडे वाटले. कोणी काही ठेवते ते उगाच ठेवत नाही. बदल्यात काहीतरी उचलण्याचा विचार असतोच. तिने नक्की काय कबूल करून ठेवले असेल, याचा तो जिना चढता चढता विचार करीत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आकडा उतरला. एकवीस किलो आठशेवरून एकवीस चारशे. आईने तोंडावर पदर धरला. सिस्टर म्हणाली, “बघा, पाझर फुटला.”

त्याचा चेहरा मात्र दुकानात होई तसा झाला. “एका दिवसात चारशे कमी भरली? काटा सरकलाय.” तो खाली बसला. काट्याचे पाय खडूच्या खुणांवरच होते. तरी त्याने पेटी उघडली, वजने लावली, पुन्हा लावली. “कमी भरतेय,” तो पुटपुटला, “कमी का भरतेय?”

मुलगी खाटेवर पाय लोंबकळत ठेवून हे सगळे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी एकवीस पाचशे. मग पाचशे. मग चारशे. मग पुन्हा पाचशे. आईच्या चेहऱ्यावरचा उजेड दर सकाळी थोडा थोडा कमी झाला. त्याला मात्र आपले खरे ठरल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

पण इतके सरळ काही नसते, हे त्याला धंद्याने शिकवले होते. मुलीच्या डोळ्यांखालचा फुगवटा कमी दिसत होता. लघवी मोजायचे भांडे रोज अधिक भरत होते. मग जाते ते कुठून जाते आणि आकडा का राहतो? कोणीतरी कुठेतरी हात मारत होते.

आधी त्याने सिस्टरचा संशय घेतला. ती कालचाच आकडा आज लिहीत असणार. बारा खाटा, एक बाई. कोण रोज वाकून वाचते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. तिने मागे न बघता काट्याची काच त्याच्याकडे वळवली. “तुम्हीच वाचा, निरीक्षक. माझ्या डोळ्यांवर तुमचा विश्वास नाही, माझाही राहिलेला नाही.” एकवीस पाचशे. खरेच.

मग त्याने डॉक्टरबाईंचा संशय घेतला आणि औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरने तेच औषध, तेवढेच, तितकेच दिवस सांगितले. दोघे एकाच कॉलेजातले असतील, असे त्याच्या मनात आलेच.

मग मीठ. मीठ पोटात गेले की पाणी अंगात राहते, हे डॉक्टरबाईंनी बजावून सांगितले होते. मुलीला वॉर्डातले अळणी जेवण जात नव्हते, आणि आईचे काळीज आईचे. एका दुपारी बायको तोंड धुवायला गेली तेव्हा त्याने तिची पर्स उघडली. रुमाल, दोऱ्याचे रीळ, कारखान्याचा पास, कंगवा. लोणच्याबिणच्याचा वास येतो का म्हणून त्याने रुमाल नाकाशी धरला. तेवढ्यात ती दारात आली.

ती ओरडली नाही. जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “झालं बघून? आता पारडी बदला. माझी पर्स तुमच्याकडे ठेवा आणि तुमची पेटी द्या माझ्याकडे. बघू कोणाची खोट निघते.”

ती खाली निघून गेली, बाकावर.

मंगळवारी सकाळी डॉक्टरबाई खाटेशी जास्त वेळ थांबल्या. त्यांनी मुलीचे पोट दोन्ही हातांनी चाचपले, तक्ता पाहिला, पुन्हा पोट चाचपले. “चेहऱ्यावरचं उतरल्यासारखं दिसतंय. बाहेर जातंय तेही दिसतंय. पण वजन हलत नाही. लघवीच्या तपासणीतून अजून नक्की काही म्हणता येत नाही. मला भीती आहे, पाणी आत दुसरीकडे साचत असावं. चौथा आठवडा संपतोय. गुरुवारी सुई घालू या.”

त्याने संमतीचा कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या लक्षात आले की आपण चूक शोधतो आहोत, आणि कागदात चूक नाही. त्याने सही केली.

त्या दुपारी त्याने काटा शेवटचा तपासला. खरा होता. सिस्टर खरी होती. बायको खरी होती. डॉक्टरबाई खऱ्या होत्या. संशय घ्यायला या इमारतीत आता कोणी उरले नव्हते. पायांखालची पायरी कोणीतरी काढून घ्यावी तसे त्याला झाले. पेटी काखेत धरून तो जिना उतरला आणि बाकांच्या खोलीत शिरला. एकच जण तपासायचा राहिला होता.

खोलीत कोणी नव्हते. शेवटच्या बाकावर बसून त्याने पेटी मांडीवर घेतली. कुठून सुरुवात करावी ते कळेना. दुकानदारांशी करायचा तशीच केली, मनातल्या मनात. अदलाबदल कर, म्हणाला. मला तिच्या खाटेवर ठेव, तिला इथे माझ्या जागी बसव. मग बघू तुझा काटा कुठे थांबतो.

खिडकीबाहेर कोणीतरी बादली आपटली. बाकी काही झाले नाही. तपासायला समोर चेहराही नव्हता.

पेटी मांडीला रुतत होती. दर वर्षी ती तो सरकारी कचेरीत नेई. तिथला कारकून तिच्यातले प्रत्येक वजन काचेच्या कपाटातल्या वजनाशी ताडून बघे आणि शिक्का देई. एका वर्षी याने विचारले होते, “तुमची वजनं खरी कशावरून?”

“आमची वरच्या कचेरीत जातात.”

“आणि त्यांची?”

“त्यांच्याही वर.”

“मग सगळ्यात शेवटचं वजन कुठे आहे?”

“असेल कुठेतरी,” कारकून म्हणाला होता. “मी काही पाहिलेलं नाही. का, तुमचं काम अडलंय?”

काम कधीच अडले नव्हते. त्या न पाहिलेल्या वजनाच्या जोरावर त्याने वीस वर्षे अर्ध्या बाजाराला खोटे ठरवले होते, आणि आपण कशावर तरी विसंबून आहोत हे त्याच्या एकदाही मनात आले नव्हते. आता आले. त्यामुळे आनंद झाला नाही. थकवा मात्र आला. इतके दिवस आवळून धरलेला, खांद्यांतून खाली उतरणारा थकवा. तो बसून राहिला. मुलीला बरे कर, असे त्याला म्हणायचे होते, पण ते शब्द मनात जुळवताना प्रत्येक वेळी मागणी झाल्यासारखे वाटे, तक्रार झाल्यासारखे वाटे. शेवटी तो एवढेच म्हणाला, “गुरुवारी तिचा हात धरीन तेव्हा माझा हात थरथरू देऊ नकोस. तिच्या लक्षात येईल.”

मग तो उठला. पेटी बाकावर ठेवली. कुलूप नाही, झाकण नाही, कोणीही येऊन बोट लावावे अशी. दोन जिने रिकाम्या हातांनी चढला.

मुलीने आधी त्याच्या हातांकडे पाहिले. आई खाटेच्या पायथ्याशी टॉवेलची घडी करीत होती, तिनेही पाहिले.

“पेटी कुठाय, बाबा?”

“खाली.”

“हरवली?”

“नाही. ठेवलीय.”

“कोणाकडे?”

“आहे एक जण.”

“ओळखीचा आहे का?”

“नवी ओळख आहे,” तो म्हणाला. बायकोच्या हातातली घडी थांबली.

तो खाटेच्या कडेवर बसला. पाठीत सुई घालणार आहेत, हे त्याने मुलीला सांगितले. दुखेल का, तिने विचारले. हो, थोडे दुखेल, मी हात धरून असेन, तो म्हणाला. तिने डोळे मिटले. तिला झोप लागली असे त्याला वाटले.

“आज काटा नाही तपासणार?”

“तपासला. आता नाही तपासणार.”

“उद्या?”

“उद्याही नाही.”

“मग उद्या मी कमी भरले तर?”

“तर भर.”

“तुम्ही तसं तोंड नाही करणार? ‘कमी का भरतेय’ वालं?”

“अगं, कमीच भरायला हवंय तुला. पाणी उतरायला हवंय. आम्ही सगळे त्याचीच वाट बघतोय.”

तिने डोळे बारीक केले. बापाकडे पाहिले ते थेट बापासारखे. “खरंच?”

“खरंच.”

“आईला विचारू?”

“विचार.”

आईने मान हलवली. मुलीने आईचाही चेहरा नीट पारखून घेतला. मग उशीखालून स्वेटर ओढला आणि त्याच्या खिशात हात घातला. रुमालात घट्ट बांधलेले एक गाठोडे निघाले. दुसऱ्या खिशातून दुसरे. वाजू नयेत म्हणून बांधले, ती म्हणाली. त्याने गाठी सोडल्या. पाचशे, दोनशे, दोनशे, शंभर. प्रत्येकावर फुली. चादरीवर ती चार वजने मांडलेली, जशी घरी दुकानात असत.

“आधी दोनशेचंच ठेवलं होतं,” ती म्हणाली. “पण मी रोज कमीच भरत होते. सिस्टर मोठ्यानं वाचते ना, त्यावरून कळायचं. तुम्हाला कमी भरलेलं आवडत नाही.”

दांडीला लटकलेली कापडी पिशवी त्याने आता पाहिली. बायकोची पर्स त्याने उघडली होती. ही महिनाभर नाकासमोर होती.

“म्हणजे किलोभर,” बायको म्हणाली. “किलोभर उतरलंय हिचं.”

“किलो नाही,” तो म्हणाला. “बाद आहेत ही. आठ-दहा ग्रॅम तरी कमी...”

वाक्य तिथेच राहिले. बायकोला हसू फुटले. ते थांबेना, तिला खाटेची दांडी धरावी लागली, आणि मग ते हसण्यासारखे राहिले नाही. मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. यातले कोण रागावले आहे, याचा तिला अंदाज येत नव्हता.

सिस्टरला त्याने स्वतः जाऊन सांगितले. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. “निरीक्षक,” ती म्हणाली, “तुमच्याच कागदावर आहे ना, रोज तोच स्वेटर?” यापेक्षा वाईट ती काही बोलली नाही. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “उद्या सकाळी रिकाम्या खिशांनी वजन घेऊ. खरंच उतरलं असेल तर सुई थांबवता येईल. पण आताच सांगते, हा आजार परत परत येतो. आणखी काही वर्षं तुम्हाला हा काटा रोज बघायला लागेल.”

“हो,” तो म्हणाला. बायकोला नवल वाटले ते याचे की त्याने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

पेटी त्या रात्री खालीच राहिली.

बुधवारी सकाळी तो वेळेवर आला. बायको खिडकीशी उभी होती. सिस्टरने स्वेटरचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले, झटकले आणि मुलीला म्हणाली, “हात वर. अजून काही माल आहे का?” मुलीने हात वर केले. तिला आता गंमत वाटत होती. ती काट्यावर चढली, खडूच्या खुणांच्या मध्ये, अनवाणी. बायकोची मान काचेकडे झुकली.

“या, निरीक्षक. तुम्हीच वाचा.”

आकडा ठरायला दोन क्षण लागतात. तोवर तो खालीवर होत राहतो, आणि त्या दोन क्षणांत त्याने आयुष्यात कधी दुसरीकडे पाहिले नव्हते. तो दाराशी उभा होता. मुलगी त्याच्याकडे पाहत होती, त्याचे तोंड कसे होते ते. तो तिच्याकडे पाहून हसला. सिस्टर वाचण्यासाठी वाकली. काचेवरचा आकडा अजून हलत होता, तेवढ्यात तो वळला आणि जिन्याने खाली, बाकांच्या खोलीकडे निघून गेला.